मांद्रेकर कोणाला म्हणावे?

(ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात मांद्रे येथे दिलेले व्याख्यान)



रौप्यमहोत्सवाच्या कार्यक्रमात आम्हीही थोडा वेळ बोलावे, अशी विश्वस्तांची आज्ञा झाली. अशा प्रसंगी ट्रस्टच्या कार्याचा गौरव करावयाचा असतो. पण तो अध्यक्षांनी आणि चिटणिसांनी अहवालात केलेलाच आहे, त्यात शाळामास्तराने भर घालण्याचे कारण नाही. मास्तराजवळ सांगण्यासारखे जे काही असते ते हजेरीपटातले असते. म्हणून विषयही आम्ही तेथूनच उचलला आहे. तो विषय म्हणजे आडनाव.

नव्या वर्षाचा हजेरीपट भरावयास बसले की आमचे काम सावकाश चालते. नाईक, परब, गावडे, शेटगावकर, फर्नांडिस, शेख, हरमलकर, डिसोझा, मांद्रेकर. वर्गात मुले चाळीस आणि आडनावे पंधरा-वीस. पण एवढ्या आडनावांत आपल्या पेडणे महालाचा दोन-तीनशे वर्षांचा इतिहास दाटीवाटीने बसलेला असतो. एके दिवशी एका मुलाने विचारले, “सर, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मांद्र्यातच राहतो, आणि आमचे आडनाव मांद्रेकर नाही. ज्याचे आहे तो म्हापशाला राहतो. हे कसे?” सगळा वर्ग हसला. आम्हांस मात्र तो प्रश्न फार आवडला, आणि आजचे हे भाषण म्हणजे त्या मुलाला त्या वेळी सवडीअभावी न दिलेले सविस्तर उत्तर आहे, असे समजावे.

उत्तराचा पहिला भाग सोपा आहे. मांद्र्याच्या वेशीच्या आत कोणाला ‘मांद्रेकर’ म्हणून हाक मारण्यात अर्थ नाही. तेथे सगळेच मांद्रेकर. वेशीच्या आत माणूस ओळखला जातो तो वाड्यावरून. हा जुनसवाड्यावरचा, तो आस्कावाड्यावरचा, ते मधलामाजवरचे. नाहीतर बापाच्या नावावरून, धंद्यावरून, आणि आपल्याकडे टोपणनावांची हौस मोठी असल्यामुळे एखाद्या आजोबांच्या खोडीवरूनसुद्धा. गावाचे नाव माणसाला चिकटते ते त्याने गाव सोडल्यावर. पेडण्याचा बाजार, बार्देश, मुंबईची गिरणी किंवा गोदी, कोठेही तो गेला की लोक विचारणार, “तूं खंयचो?” तो सांगणार, “मांद्र्याचो.” झाले, तेव्हापासून तो मांद्रेकर. म्हणजे ‘कर’ लागलेले आडनाव पुष्कळदा शेजाऱ्यांनी, आणि तेही परगावच्या शेजाऱ्यांनी दिलेले असते. त्या आडनावात गाव आहे खरे, पण ते मागे टाकलेले गाव आहे. मांद्र्यात राहून मांद्रेकर लावणारी घरे नाहीत असे नव्हे. एक भाऊ मुंबईस नोकरीला गेला, तेथे त्याने लावलेले आडनाव पुढे गावातल्या घरानेही घेतले, असेही घडते. परंतु मूळ रीत ही अशी.

याची उदाहरणे शोधावयास लांब जावे लागत नाही. मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचा जन्म १९११ साली आपल्या पेडण्यात झाला. बांदोडे हा गाव फोंडा महालात. पेडण्यात जन्मलेल्या माणसाच्या नावापुढे फोंड्याचा गाव आहे, तो पूर्वजांचा. मांद्रे मतदारसंघाचे प्रतिनिधी म्हणून २०१४ साली मुख्यमंत्रिपदावर गेलेले लक्ष्मीकांत परसेकर हे हरमलचे. आडनाव सांगते ते पार्से. हरमल आणि पार्से यांत अंतर ते किती! पण तेवढे अंतर चालले तरी आडनाव बदलते. एकदा ही दृष्टी आली की आपल्या भागातील मतदारयादी वाचणे हा एक छंद होऊन बसतो. मोरजीचा मोरजकर, पालयेचा पालयेकर, तुयेचा तुयेकर, कोरगावचा कोरगावकर, धारगळचा धारगळकर. डिचोली महालात मये गावचा मयेकर, नार्व्याचा नार्वेकर, आमोण्याचा आमोणकर. आपल्या महालात इब्रामपूर गाव आहे; त्यात इब्राहीम हे नाव उघड दिसते. तेथला एखादा हिंदू गृहस्थ मुंबईस गेला आणि रीतीप्रमाणे त्याने ‘इब्रामपूरकर’ लावले, तर इब्राहीमचे नाव जन्मभर मिरवणार तो, आणि त्याला त्यात काही वावगे वाटण्याचे कारण नाही.

गाव आडनावात किती घट्ट टिकते, याचे सर्वांत हृद्य उदाहरण आम्हांस गोमंतकाच्या गायिकांत दिसते. त्या काळी कलावंत घराण्यांतील स्त्रियांच्या नावापुढे बापाचे किंवा नवऱ्याचे आडनाव लावण्याची सोय नव्हती. समाजाने ती त्यांना दिली नव्हती. त्यांनी गाव लावले. केरीच्या केसरबाई केरकर झाल्या, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर झाल्या, आणि जे आडनाव मुकाट्याने पत्करावे लागले होते त्याला त्यांनी स्वतःच्या कर्तृत्वाने असा मान मिळवून दिला की पुढे लोक ते आदराने उच्चारू लागले. केसरबाईंचे गायन १९७७ साली अमेरिकेने अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजर यानांतील तबकडीवर आहे. फोंडा महालातील केरी ही अशी सूर्यमालेच्या बाहेर निघाली आहे. (आपल्या पेडण्यातही केरी आहे आणि सत्तरीतही आहे, त्यामुळे केरकर भेटला तर कोणती केरी हे विचारून घ्यावे.) कुर्डीची गोष्ट तर याहून वेगळी. सांगे महालातील हा गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेला. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी ओसरले म्हणजे देवळाचे आणि घरांचे अवशेष उघडे पडतात, जुने गावकरी तेथे जमतात, आणि पाऊस आला की गाव पुन्हा बुडतो. घरे गेली, शेते गेली. पण मोगूबाईंच्या आडनावात कुर्डी कोरडी आहे. त्यांची कन्या किशोरीताई लग्नानंतर आमोणकर झाल्या, म्हणजे आडनाव सांग्याहून डिचोलीस आले. मायलेकींच्या दोन आडनावांत गोव्याचे दोन गाव जगभर गाजले.

मंगेशी या एका लहानशा गावातून तर दोन प्रकारची आडनावे निघाली. दीनानाथांनी गावाचे नाव घेतले आणि ते मंगेशकर झाले. त्यांच्या मुलांनी ते नाव घराघरांत पोहोचविले. जितेंद्र अभिषेकी यांचे घराणे मंगेशाच्या देवळात अभिषेकाचे काम करणारे, म्हणून ते अभिषेकी. एकाने गाव लावले, दुसऱ्याने काम.

येथे आम्हांस एक नाव घेतल्यावाचून पुढे जाववत नाही. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ आणि बडोद्याच्या ताराबाई माने यांची मुले आईबापांच्या ताटातुटीनंतर आईजवळ वाढली. मुलगा अब्दुल रहमान, तो सुरेशबाबू माने या नावाने प्रसिद्ध झाला. मुलगी सकीना, ती सरस्वतीबाई राणे. आणि थोरली चंपाकली, ती हिराबाई बडोदेकर. एका बापाची तीन मुले, तीन आडनावे. एकाने आईचे घेतले, एकीने सासरचे, एकीने आईच्या गावचे; आणि बापाचे ‘खाँ’ तिघांच्याही नावात राहिले नाही. या तिघांची आडनावे पाहून त्यांचा धर्म, त्यांचा बाप किंवा त्यांचे जन्मगाव कोणी ओळखू पाहील तर तो तिन्ही वेळा चुकेल. हिराबाईंचा जन्म बडोद्याचा नव्हे, मिरजेचा.

गावावरून आलेल्या आडनावांनंतर कामावरून आलेली आडनावे. आणि येथेच गंमत अशी की, धर्माच्या नावाने आपण आडनावांच्या ज्या पेट्या करून ठेवल्या आहेत त्या साफ उलट्यासुलट्या होतात. आपल्या ट्रस्टच्या ‘चिटणिसां’चाच शब्द घ्या. त्यातील ‘णीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. फडणीस, पोतनीस, कारखानीस, सबनीस ही सगळी त्याच दौतीतली. पारसनीस म्हणजे तर सरळ फारसीत पत्रव्यवहार करणारा. मुजुमदार, पोतदार, इनामदार, हवालदार यांतला ‘दार’ फारसी. बहामनी, आदिलशाही आणि मराठेशाही दप्तरांत ही पदे होती. काम गेले, पद गेले, आडनाव उरले. सरदेसाई हे आपल्या गोमंतकातील मानाचे आडनाव. त्यात ‘देसाई’ आपल्या मातीतला आणि ‘सर’ म्हणजे प्रमुख, हा फारसी. हे आडनाव लावणाऱ्या सद्‌गृहस्थाने आपले निम्मे आडनाव इराणातून आले आहे म्हणून कधी खंत केल्याचे आमच्या ऐकिवात नाही, आणि करूही नये.

आता दुसरी बाजू पाहा. कोकणातील मुसलमान घरांची आडनावे घ्या. ‘सरखोत’ म्हणजे खोतांचा प्रमुख. खोत तर शुद्ध कोकणी संस्था. दलवाई म्हणजे दळाचा, सैन्याचा नायक. कर्नाटकात ‘दळवायी’ हे सेनापतीचे पद होते. मिरजोळीचे लेखक हमीद दलवाई (१९३२–१९७७) यांचे आडनाव आणि आपल्याकडील दळवी कुटुंबांचे आडनाव ही एकाच दळातली. समुद्राकाठच्या आपल्या लोकांना ‘नाखवा’ हा शब्द समजावून सांगावयास नको. तो फारसी ‘नाखुदा’, नावेचा धनी. मुंबईकडचे कोळी बांधव गाण्यांतून तो म्हणतात आणि कोकणी मुसलमान तो आडनाव म्हणून लावतात. क्रिकेटची आवड असणाऱ्यांसाठी एक उदाहरण देतो. रामनाथ पारकर १९७२-७३ च्या हंगामात इंग्लंडविरुद्ध भारताकडून कसोटी खेळले, आणि १९८२ मध्ये लॉर्ड्‌सवर गुलाम पारकर खेळले. दोघेही रत्नागिरी जिल्ह्यातले आणि दोघांचे आडनाव एकच. पंचाने नुसते ‘पारकर बाद’ म्हटले तर ते कोणत्या धर्माचे, हे धावफलकावरून कळण्याची सोय नाही.

गोव्यात या सगळ्यावर पोर्तुगीज कारकुनाची शाई सांडली. बार्देश, तिसवाडी, सासष्टी या जुन्या काबिजादींत ज्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला त्यांना बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याचे किंवा धर्मपित्याचे आडनाव मिळाले. एका दिवसात जुने आडनाव पुसले आणि नवे लागले. त्या नव्या आडनावांचे अर्थ पाहिले तर तीही आपल्यासारखीच, शेताभाताची. फर्नांडिस म्हणजे फेर्नांदोचा मुलगा, रॉड्रिग्ज म्हणजे रोद्रिगोचा. सिल्वा म्हणजे रान, कॉस्ता म्हणजे किनारा, रिबेरो म्हणजे व्हाळ. पेरेरा हे नासपतीचे झाड, ऑलिव्हेरा हे ऑलिव्हचे. डिसोझाच्या पोटात पोर्तुगालातील सोझा नावाची नदी वाहते. ती येथल्या एकाही डिसोझाच्या आजोबांनी पाहिलेली नसावी. आपला पेडणे महाल सावंतवाडीकरांकडून १७८८ साली पोर्तुगिजांकडे आला. तोपर्यंत धर्मांतराचा तो जोर ओसरला होता, म्हणून येथे बहुतेक घरांची जुनी आडनावे राहिली. राहिली, पण पोर्तुगीज लेखनातून गाळून. प्रभूचे ‘पोरोबो’ झाले, शेणवीचे ‘सिनाय’, कामतचे ‘कामोतिम’. शेखचे ‘शेक’ झाले आणि पोर्तुगीज पद्धतीने ते एक्स अक्षराने लिहिले गेले. पोर्तुगालात १९१० साली प्रजासत्ताक आल्यावर जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंद सर्वधर्मीयांस लागू झाली, आणि तोवर हवे तसे सैल असलेले आडनाव नोंदवहीत खिळ्याने ठोकल्यासारखे पक्के झाले. कारकुनाने जे ऐकले ते त्याने लिहिले, आणि त्याने जे लिहिले ते आपण आहोत. पुढे १९९० मध्ये नाव-आडनाव बदलण्यासाठी गोव्यात स्वतंत्र कायदा झाला, तेव्हा कित्येकांनी ही जुनी शाई धुऊन काढली.

आडनाव ही अनादि गोष्ट आहे, असा जो समज असतो तो जगाचा इतिहास पाहिला की टिकत नाही. आम्ही मुसलमान, म्हणून प्रथम तुर्कस्तानचे उदाहरण सांगतो. तेथील बहुसंख्य प्रजेला आजच्या अर्थाने आडनावच नव्हते. १९३४ साली कायदा झाला की प्रत्येकाने आडनाव घ्यावे. मुस्तफा केमाल यांना तेथील लोकसभेने ‘अतातुर्क’, म्हणजे तुर्कांचा पिता, हे आडनाव दिले. त्यांचे सहकारी इस्मत यांनी १९२१ मध्ये ज्या इनोनू गावाजवळ लढाया जिंकल्या होत्या त्या गावाचे नाव घेतले. मराठीत सांगावयाचे तर ते ‘इनोनूकर’ झाले.

जपानची हकीकत तर याहून मौजेची, आणि ती या सभागृहाच्या दारात उभी आहे. बाहेर आपण ज्या मोटारी आणि मोटारसायकली लावून आला आहात, त्यांतील निम्म्यांवर जपानी आडनावे लिहिलेली आहेत. होंडा, सुझुकी, यामाहा ही त्या त्या संस्थापकांची आडनावे. होंडा म्हणजे मूळचे भातशेत. (सत्तरीतील आपल्या होंडा गावाशी त्याचा काही संबंध नाही, तरुण मंडळींनी उगाच अभिमान बाळगू नये.) टोयोटा हे मूळचे टोयोडा, म्हणजे भरघोस पिकणारे शेत, लिहिताना आठ फराटे पडतात आणि आठ हा तेथे शुभ अंक, म्हणून मोटारीसाठी डाचा टा केला, असे सांगतात. सुझुकीच्या दोन चित्राक्षरांत एक घंटा आणि एक झाड आहे. तानाका म्हणजे शेताच्या मध्यावरचा, यामामोतो म्हणजे डोंगराच्या पायथ्याचा, कोबायाशी म्हणजे लहान रान, नाकामुरा म्हणजे मधला गाव. आमच्या मुलांना आम्ही हे सांगितले तेव्हा मधलामाजवरच्या एका मुलाने लगेच स्वतःस नाकामुरा म्हणवून घेतले.

ही आडनावे अशी शेताबांधाची का, याचे कारण आहे. जपानात पूर्वी आडनाव उघडपणे लावण्याचा आणि तलवार बाळगण्याचा मान सामुराईंचा. शेतकरी, कोळी, कारागीर यांनी सरकारदरबारी आडनाव लावावयाचे नाही. काही घरे आपले आडनाव मनात जपून होती, पण कागदावर ते नव्हते. मेइजी राजवटीत १८७० साली सामान्य प्रजेस आडनावाची परवानगी मिळाली. लोकांनी फारशी घाई केली नाही, म्हणून १८७५ साली ते सक्तीचे केले. सरकारास सैन्यभरतीच्या आणि कराच्या याद्या करावयाच्या होत्या. मग ज्यांच्याजवळ आडनाव नव्हते त्यांनी आजूबाजूस पाहिले; शेत दिसले, डोंगर दिसला, तरीचा घाट दिसला, तेच लावले. आज तेथे लाखाहून अधिक निरनिराळी आडनावे असल्याचे मानतात. म्हणजे पाहा, सामुराईचे आडनाव आणि कुळाचे आडनाव आज एकाच टेलिफोन वहीत शेजारी शेजारी बसते, आणि कोणते कोणाचे हे सांगणे कठीण.

आता आमच्या स्वतःच्या पेटीत हात घालतो. ‘शेख’ हे आडनाव आपल्या गोव्यात बरेच आहे. अरबीत त्याचा अर्थ वृद्ध, वडीलधारा, मान्य पुरुष. सय्यद म्हणजे स्वामी. खान आणि बेग या मध्य आशियातील सरदारक्या. यांतील शेख आणि सय्यद हे नावाच्या मागून येणारे शब्द नव्हेत; ते नावाच्या आधी लावावयाचे मानाचे शब्द. श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद, ज्यांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला, त्यांचे ‘शेख’ पुढे आहे, मागे नाही. मग ते मागे कसे गेले? सरकारी कागदावर ‘आडनाव’ असा रकाना आला. वाड्यावरच्या अब्दुलला विचारले, “आडनाव काय?” त्याच्याजवळ वाडा होता, बाप होता, धंदा होता, रकान्यात टाकावयाला ‘शेख’ एवढेच हाताशी होते. ते टाकले. तेव्हापासून ते त्याचे, त्याच्या मुलाचे, नातवाचे. त्याच वेळी कोणी त्यास “गाव कोणते?” असे विचारले असते, तर कदाचित आज तोही कोठे तरी पेडणेकर म्हणून नांदत असता. कोकणात मुसलमानांच्या किती घरांनी गाव लावले! आपल्याकडे पुष्कळांचे गाव कागदावर आले नाही, इतकेच.

आणि याचा परिणाम काय होतो तो सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्यास रहिवासाचा दाखला हवा होता. आईबाप मजुरीस जाणारे, म्हणून अर्ज घेऊन आम्ही त्याच्याबरोबर एका कचेरीत गेलो. टेबलापलीकडच्या गृहस्थांनी आडनाव वाचले, ‘शेख’, आणि मान वर न करता विचारले, “हे मूळचे कुठले? कर्नाटक की उत्तर प्रदेश?” मुलगा पेडण्याच्या कोकणीत म्हणाला, “आमी हांगचेच.” त्याच्या आजोबांचा पोर्तुगीज अमदानीतला जन्मदाखला आमच्या हातात होता, त्यावर गाव होता, वाडा होता, सरकारी शिक्का होता. तरी तीन खेपा पडल्या. दाखला अखेर मिळाला. परंतु परत येताना त्या मुलाने आम्हांस विचारले, “सर, आडनाव बदलता येते का?” कायद्याने येते, असे आम्ही त्यास सांगितले, कारण विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर द्यावे, हा आमच्या धंद्याचा नियम आहे. पण बारा वर्षांच्या मुलाने आजोबांचे नाव टाकावयाचा विचार करावा, ही गोष्ट त्या दिवसापासून आमच्या मनातून गेली नाही.

हे सगळे आजच सांगण्याचे प्रयोजन आपणांपैकी पुष्कळांच्या लक्षात आले असेल. आपला ट्रस्ट पंचक्रोशीतील गरजू मुलांस शिष्यवृत्ती देतो. अलीकडे अर्ज वाढले आहेत. २०२२ च्या डिसेंबरात मोपा विमानतळाचे उद्‌घाटन झाले, किनाऱ्यावर हॉटेले झाली, कामासाठी माणसे येतात, त्यांची मुले आमच्याच शाळांत बसतात. पैसा मर्यादित, तो आधी गावच्या मुलांस मिळावा, अशी सभासदांची इच्छा असेल तर त्यात गैर काही नाही. देणगी देणाऱ्याला तो अधिकार आहे. गेल्या सभेत सूचना आली ती एवढीच की, छाननीचे काम सोपे व्हावे म्हणून बाहेरची आडनावे प्रथम बाजूला काढावीत. सूचना करणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हते, हे आम्ही जाणतो. परंतु त्या चाळणीतून काय होईल ते आपण पाहू. शेख बाजूला पडेल, मग तो चार पिढ्यांचा मांद्र्याचा असो. आणि बेळगावहून गेल्या वर्षी आलेला एखादा नाईक आत येईल, कारण नाईक हे आडनाव आपले! म्हापशात जन्मलेला, मांद्रे कधी न पाहिलेला मांद्रेकर तर सर्वांच्या आधी आत येईल. आडनावाने गावचा माणूस शोधावयाचा असेल तर भाऊसाहेब बांदोडकरांस पेडण्याचे म्हणता येणार नाही.

म्हणून विश्वस्तांपुढे आमची विनंती आहे ती अशी. अर्जावर आडनावाचा रकाना असू द्या. नावाशिवाय मुलगा हाक कशी देईल? पण गावचा की बाहेरचा हे ठरविताना तो रकाना हाताने झाकून ठेवा. त्याऐवजी दुसरे विचारा. मुलगा पंचक्रोशीतील शाळेत किती वर्षे आहे? घर क्रमांक काय, वाडा कोणता? वर्षांची अट घालावयाची तर घाला. पाच म्हणा, सात म्हणा, ती सर्वांस सारखी लागू करा. शाळेच्या जनरल रजिस्टरात ही माहिती असते, आणि ती काढून देण्याचे काम आम्ही शिक्षक मंडळी विनामोबदला करू. पहिल्या वर्षी थोडा त्रास पडेल. पुढे सवय होईल.

दुसरी विनंती घरोघरच्या वडीलधाऱ्यांस. ज्यांच्याकडे जुने जन्मदाखले, विवाहाच्या नोंदी, मुंडकारीचे किंवा जमिनीचे कागद, आजोबांनी मुंबईहून पाठविलेली पाकिटे असतील, ती त्यांनी ट्रंकेतून बाहेर काढावीत. पोर्तुगीज वाचता येत नसेल तर हरकत नाही. आमच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक वाचून देतात. त्यात आपले आडनाव कसे लिहिले आहे, वाडा कोणता दिला आहे, धंदा काय लिहिला आहे, हे एका वहीत उतरवून ठेवण्याचा आमच्या मुलांनी उपक्रम घेतला आहे. आजवर सव्वीस घरांचे कागद पाहून झाले. वाळवीने पुष्कळ खाल्ले आहे, आणि येता पावसाळा आणखी खाईल. कागद आमच्याकडे ठेवावयाचे नाहीत. शाळेत आणून दाखवावयाचे आणि त्याच दिवशी परत न्यावयाचे. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यानंतर आम्ही वर्गात बसलेले असतो.